मांजराच्या गळी गोळी

मांजराला गोळी देणे म्हणजे काय, हे ज्यांनी दिली आहे त्यांनाच ठाऊक. कुत्र्याला पोळीच्या तुकड्यात गुंडाळून दिली की काम होते. मांजर मासा खाते आणि गोळी तेवढी बशीच्या कडेला ठेवते. टॉवेलमध्ये गुंडाळावे तर ओरखडे, तोंड उघडावे तर फेस, आणि गिळली म्हणून सोडावे तर दहा मिनिटांनी गोळी सोफ्याखाली सापडते. दिवसातून दोनदा, सात दिवस, असे करायचे म्हटले की घरातली माणसे एकमेकांकडे बघू लागतात. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न उंदरांचा. गळ्यात गोळी कोणी घालायची हा माणसांचा.

ही अडचण वाटते तेवढी घरगुती नाही. आजारी मांजराला कोणते अँटिबायोटिक मिळते हे पुष्कळदा जीवाणू ठरवत नाहीत, ही अडचण ठरवते. आणि मुळात ते मिळावे की नाही, हेही पुष्कळदा आजार ठरवत नाही. आपली काळजी, डॉक्टरांवरचा दबाव आणि ‘काहीतरी दिले’ याचे समाधान ठरवते. मी पशुवैद्य नाही. मांजरे पाळता पाळता या विषयाकडे ओढली गेले आणि पशुवैद्यकातल्या मार्गदर्शिका, संशोधन-निबंध जमेल तसे वाचत आले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडते आहे. हा लेख वाचून घरी उपचार करावेत असा हेतू नाही. दवाखान्यात डॉक्टरांशी अधिक नेमके बोलता यावे, एवढाच आहे.

‘जंतू’ नावाची सोय

मराठीत आपण ‘जंतू’ हा एकच शब्द सगळीकडे वापरतो. सर्दीचे जंतू, जखमेतले जंतू, पोटातले जंतू. बोलायला सोपे आहे, पण गोंधळाची सुरुवातही इथेच होते. प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक्स, जीवाणूंवर चालतात. विषाणूंवर त्यांचा परिणाम होत नाही. बुरशीवर वेगळी औषधे लागतात. आणि जिथे जीवाणू, विषाणू, बुरशी यांपैकी कोणीच नाही, फक्त दाह आहे, तिथे मारायलाच कोणी नसते.

औषधाला दाद न देणारे जीवाणू निर्माण कसे होतात, याविषयी एक गैरसमज आहे. शरीराला औषधाची ‘सवय’ होते असे आपण म्हणतो. सवय शरीराला होत नाही. कोट्यवधी जीवाणूंमध्ये काही थोडे आधीपासूनच असे असतात की ज्यांना ते औषध मारू शकत नाही. औषध दिले की बाकीचे मरतात, यांना मोकळे रान मिळते. शिवाय ही क्षमता देणारी जनुके एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूकडेही जाऊ शकतात. हे सारे फक्त आजाराच्या जागी घडत नाही. गोळी लघवीच्या त्रासासाठी दिलेली असली तरी ती आतड्यात, तोंडात, कातडीवर राहणाऱ्या निरुपद्रवी जीवाणूंनाही भेटते. म्हणून अनावश्यक औषध म्हणजे ‘उपयोग नाही, पण तोटाही नाही’ असे नसते.

हा धोका नवा नाही. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानातच तो सांगितला होता : औषध अपुऱ्या प्रमाणात घेतले, तर जीवाणू मरण्याऐवजी औषधाला सरावतील, आणि ते इतरांनाही बाधतील. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९५४ साली, पुण्याजवळ पिंपरीला ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन आपल्याकडे तयार होऊ लागले. ज्या पिढीने हे औषध नव्याने पाहिले तिला ते चमत्कार वाटले यात नवल नाही. आज हिशेबाची दुसरी बाजूही समोर आली आहे. ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली.

यात मांजरांचा वाटा किती, असे कोणी विचारील. कोंबड्या, डुकरे आणि स्वतः माणूस यांच्या तुलनेत तो लहानच आहे. पण कोंबडी आपल्या उशीवर झोपत नाही. मांजर झोपते. या मुद्द्याकडे पुढे येऊ.

शिंका आणि दहा दिवस

मांजर शिंकू लागले, डोळ्यांतून पाणी आले, नाक वाहू लागले की आपण दवाखाना गाठतो. मांजरांच्या या सर्दीमागे बहुतेक वेळा दोन विषाणू असतात : हर्पीस आणि कॅलिसी. हे हर्पीस मांजरांचे, माणसाला त्याची बाधा होत नाही. एकदा लागण झाली की हा विषाणू मांजराच्या चेतापेशींमध्ये जन्मभर दडून राहतो. घर बदलले, नवे मांजर आले, पाहुण्यांची गर्दी झाली, की पुन्हा डोके वर काढतो.

प्राण्यांच्या संसर्गजन्य आजारांवर काम करणाऱ्या ‘इस्कॅड’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने श्वसनमार्गाच्या आजारांसाठी २०१७ साली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिचा सल्ला साधा आहे. मांजराला ताप नसेल, ते खात असेल, मलूल नसेल, तर दहा दिवसांपर्यंत अँटिबायोटिक न देता लक्ष ठेवावे. घट्ट शेंबडाबरोबर ताप, सुस्ती आणि अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे असतील, तर औषधाचा विचार करावा. आणि तेव्हा डॉक्सिसायक्लिन हा पहिल्या पसंतीचा पर्याय. नाकातून येणारा स्राव पिवळा-हिरवा आहे, एवढ्यावरून निर्णय होत नाही. तो रंग मुख्यतः लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींचा असतो.

दहा दिवस थांबणे म्हणजे दहा दिवस काही न करणे नव्हे. नाक चोंदले की मांजराला वास येत नाही, आणि वास आला नाही की ते खात नाही. म्हणून अन्न किंचित कोमट करून द्यायचे, नाक-डोळे ओल्या कापसाने पुसायचे, पाणी पोटात जाते ना ते पाहायचे. मांजराने पूर्ण दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, किंवा ते तोंड उघडून श्वास घेऊ लागले, तर दहा दिवसांचा हिशेब तिथेच संपतो. लगेच डॉक्टर. आणि लहान पिल्लांच्या बाबतीत तर घरी वाट बघूच नये.

गुण कोणाचा?

सर्दीपेक्षा अधिक फसवा आजार लघवीचा. मांजर वारंवार मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसते, थेंबभर करते, ओरडते, कधी लघवीत रक्त दिसते, कधी गादीवरच करते. माणसाला असे झाले तर ‘युरिन इन्फेक्शन’ हे निदान आपण स्वतःच करतो. मांजरालाही तेच लावतो. पण तरुण मांजरांत ते बहुतेक वेळा चुकीचे ठरते. दहा वर्षांच्या आतल्या मांजरांमध्ये या त्रासाचे सर्वांत मोठे कारण जीवाणू नव्हे, तर मूत्राशयाचा असा दाह की ज्यात तपासणीत जंतू सापडतच नाहीत. म्हातारपणी, मूत्रपिंडे थकल्यावर किंवा मधुमेह झाल्यावर खऱ्या जीवाणू-संसर्गाचे प्रमाण वाढते.

हा निर्जंतुक दाह कशाने होतो? अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी यावर दीर्घकाळ काम केले. त्यांच्या मते हा केवळ मूत्राशयाचा आजार नाही. ताणाला शरीराने दिलेले ते उत्तर आहे, आणि ते मूत्राशयात उमटते. बफिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे दिसले की खाण्याची वेळ, सांभाळणारे माणूस, रोजचा क्रम असे काही बिघडले की निरोगी मांजरेही आजारी मांजरांसारखी वागू लागतात : कमी खातात, ओकतात, ट्रेबाहेर घाण करतात. म्हणून या दुखण्यावरचा उपचार वेदनाशामक औषधाइतकाच घरातल्या बदलांचा असतो. पाणी अधिक, ओले अन्न अधिक, लपायला जागा, उंच बसायला जागा, आणि मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे जास्त. वेदनाशामक मात्र डॉक्टरांनी दिलेलेच. घरातली पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

आता फसवेपणा कुठे आहे पाहा. हा दाह बहुधा आठवडाभरात आपोआप शमतो. म्हणजे तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक सुरू केले, तर सातव्या दिवशी मांजर बरे होणारच. ‘औषधाने गुण आला’ असे घरचे म्हणतात, डॉक्टरांनाही तसेच वाटते, आणि पुढच्या वेळी तेच औषध मागितले जाते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते आणि आपण कावळ्याचे आभार मानतो. दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. स्वित्झर्लंडमध्ये मांजरांच्या उपचारनोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासात लघवीच्या त्रासाच्या निम्म्याहून अधिक मांजरांना अँटिबायोटिक दिल्याचे आढळले.

खात्री करण्याचा मार्ग आहे. सुईने थेट मूत्राशयातून लघवीचा नमुना घेऊन त्याचे कल्चर करणे. त्यात जीवाणू वाढला तर तो कोणता, आणि कोणत्या औषधाला दाद देतो, तेही कळते. नमुना औषध सुरू करण्याआधी घ्यावा लागतो; आधी औषध आणि मग तपासणी केली तर उत्तर खोटे येऊ शकते. साधा संसर्ग निघाला, तर ‘इस्कॅड’च्या २०१९ च्या मार्गदर्शिकेनुसार तीन ते पाच दिवसांचे औषध पुरते. आणि त्रास काहीच नाही, पण लघवीत जीवाणू सापडले, एवढ्यावर औषध देऊ नये असेही ती सांगते.

इथे एक अपवाद ठळकपणे लिहायला हवा. बोका ट्रेमध्ये जोर करतो आहे आणि लघवी अजिबात होत नाही, तर त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. रक्तात पोटॅशियम वाढून दोन-तीन दिवसांत मृत्यू येतो. ही रात्री-अपरात्री दवाखाना गाठण्याची वेळ आहे. आणि तिथेही जीव वाचवते ती नळी घालून मोकळी केलेली वाट, अँटिबायोटिक नव्हे.

गळू, आणि जिथे औषध हवेच

बोक्यांची भांडणे झाली की दोन-चार दिवसांनी मानेवर, शेपटीच्या मुळाशी, पायावर गळू येते. मांजराच्या सुळ्यांबरोबर ‘पाश्चुरेला’सारखे तोंडातले जीवाणू खोलवर पेरले जातात, वरची बारीक जखम मिटते आणि आत पू साठतो. इथे जीवाणू आहेत यात शंका नाही. पण पुवाने भरलेल्या पोकळीत औषध नीट पोचत नाही. खरा उपचार म्हणजे गळू फोडून पू काढणे आणि पोकळी धुणे. तेवढे झाल्यावर मांजर तरतरीत असेल तर पुष्कळदा अँटिबायोटिकची गरज उरत नाही. ताप असेल, सूज पसरत असेल, सांध्याजवळ चावा असेल, तर ते द्यायचे. तेही अमॉक्सिसिलिनसारखे साधे. आणि बोक्याची वेळेवर नसबंदी केली तर ही भांडणेच कमी होतात.

विवेकी वापर म्हणजे औषध टाळणे नव्हे, हे दाखवणारे उदाहरण पॅनल्युकोपेनियाचे. हा विषाणूचा आजार. अँटिबायोटिक त्या विषाणूला काही करत नाही. पण तो आतड्याचे अस्तर उद्ध्वस्त करतो आणि त्याच वेळी पांढऱ्या पेशी जवळजवळ संपवतो. आतड्यातले जीवाणू रक्तात शिरतात आणि त्यांना अडवायला कोणी नसते. अशा पिल्लाला शिरेतून अँटिबायोटिक देणे योग्यच, आणि ते ताबडतोब द्यावे लागते. म्हणजे ‘विषाणूचा आजार, म्हणून अँटिबायोटिक नाही’ हा नियमही डोळे मिटून लावता येत नाही. जीवाणू आहेत का, कुठे आहेत, आणि थांबलो तर काय होईल, हे तीन प्रश्न दर वेळी नव्याने विचारावे लागतात. या आजारावर लस आहे, ती वेळेवर दिली तर हा प्रसंगच सहसा येत नाही.

दोन आठवड्यांचे इंजेक्शन

आता सुरुवातीच्या गोळीकडे येऊ. गोळी देण्याच्या त्रासावर औषध कंपन्यांनी काढलेले उत्तर म्हणजे सेफोव्हेसिन. युरोपात २००६ साली आणि अमेरिकेत २००८ साली त्याला परवानगी मिळाली. कातडीखाली एकच इंजेक्शन, आणि काही संसर्गांमध्ये चौदा दिवसांपर्यंत परिणाम. हे औषध रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून राहते आणि फार सावकाश सुटते. मांजराच्या शरीरातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला जवळजवळ सात दिवस लागतात. मांजर सुखी, मालक सुखी, डॉक्टरांनाही डोस चुकण्याची चिंता नाही.

मग अडचण काय? पहिली, हे तिसऱ्या पिढीतले सेफॅलोस्पोरिन आहे. याच कुळातली औषधे माणसांच्या रुग्णालयांत गंभीर संसर्गांसाठी वापरली जातात. युरोपीय औषध संस्थेने प्राण्यांसाठीच्या प्रतिजैविकांचे चार गट केले आहेत : टाळा, मर्यादित वापरा, जपून वापरा आणि विवेकाने वापरा. डॉक्सिसायक्लिन आणि साधे अमॉक्सिसिलिन शेवटच्या, सर्वांत सौम्य गटात आहेत. तिसऱ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन्स ‘मर्यादित वापरा’ या गटात आहेत. साधी औषधे चालणार नाहीत असे दिसल्यावर, शक्यतो कल्चर करून वापरायची. दुसरी अडचण, दिलेले इंजेक्शन परत घेता येत नाही. ॲलर्जी झाली, निदान चुकले, तरी औषध शरीरात राहतेच. अमेरिकेतल्या माहितीपत्रकानुसार ते पूर्णपणे बाहेर पडायला सुमारे ६५ दिवस लागू शकतात. म्हणजे परिणाम संपल्यानंतर कित्येक आठवडे ते थोड्या, अपुऱ्या प्रमाणात शरीरात रेंगाळते. फ्लेमिंग यांनी ज्या अपुऱ्या मात्रेची धास्ती घेतली होती, तिची इथे आठवण होते.

आपल्याकडे याच कुळातले सेफ्ट्रिॲक्झोन छोट्या प्राण्यांच्या दवाखान्यांत वापरले जाते. ते आणि सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम ही औषधे भारतात ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहेत. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या तरतुदीनुसार औषध दुकानदाराला विक्रीची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी लागते. कायद्याच्या लेखी ती जपून वापरायची औषधे आहेत. प्रत्यक्षात जपणूक दवाखान्याच्या टेबलावर व्हायला हवी.

लांब टिकणाऱ्या इंजेक्शनला जागा आहे. गल्लीतले मांजर एकदाच पिंजऱ्यात सापडते, पुन्हा हाती लागत नाही. म्हातारी व्यक्ती एकटी मांजर सांभाळते, हात थरथरतात. काही मांजरे खरोखरच कोणाला हात लावू देत नाहीत. अशा वेळी ते वापरावे. प्रश्न येतो तो सोयीसाठी पहिल्याच झटक्यात वापरण्याचा.

एका घरातले जीवाणू

१९८८ साली ब्रिटनमधून एक घटना नोंदली गेली. वृद्धांच्या रुग्णकक्षात मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या ‘स्टॅफिलोकॉकस’ जीवाणूची साथ आटोक्यात येईना. तपासात कक्षात वावरणाऱ्या मांजराच्या अंगावर तोच जीवाणू सापडला. मांजराला हलवून स्वच्छतेचे उपाय केल्यावर साथ थांबली. गोष्ट वाचून मांजराला दोषी ठरवावेसे वाटते. पण पुढच्या काळात पाळीव प्राण्यांत सापडलेले असे जीवाणू तपासले गेले, तेव्हा ते बहुधा माणसांच्या रुग्णालयांतल्या वाणांचेच निघाले. म्हणजे अनेकदा माणसाने मांजराला दिलेली ही भेट असते. मग मांजर ती सांभाळते आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला परत करते.

म्हणून घरात नुकतेच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे उपचार घेणारे किंवा अगदी लहान मूल असेल, तर मांजराच्या औषधाचा निर्णय हा केवळ मांजराचा उरत नाही. मांजर घराबाहेर काढण्याची गरज नाही. हात धुणे, मांजराला उघड्या जखमा चाटू न देणे, ट्रे रोज साफ करणे पुरते. आणि मांजर खोलवर चावले तर घरगुती मलम लावून बसू नये. जखम साबणाने धुवून लगेच स्वतःच्या डॉक्टरांकडे जावे. हातावरचा मांजराचा चावा एका दिवसात चिघळू शकतो, आणि रेबीजच्या लशीचाही विचार करावा लागतो.

दवाखान्यात काय विचारावे

डॉक्टरांवर दबाव आपण आणतो, तसा तो कमीही करू शकतो. ‘काहीतरी द्या’ याऐवजी विचारता येते : हे जीवाणूंमुळे आहे असे कशावरून वाटते? औषधाशिवाय किती दिवस थांबता येईल, आणि कोणते लक्षण दिसले की थांबणे संपवायचे? नमुना तपासायला पाठवता येईल का? साधे औषध चालेल का? कल्चरचा खर्च औषधापेक्षा जास्त येतो हे खरे, आणि तो दर वेळी परवडेलच असे नाही. पण तोच त्रास तिसऱ्यांदा आला असेल, तर चौथ्या अंदाजापेक्षा एक तपासणी स्वस्त पडते.

औषध ठरलेच, तर ते मांजराच्या वजनाप्रमाणे, सांगितलेल्या वेळी आणि सांगितले तितकेच दिवस. माणसाच्या कपाटातली उरलेली पट्टी नको. एन्रोफ्लॉक्सॅसिन दिवसाला किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या वर गेले, तर मांजराच्या डोळ्यांचा पडदा खराब होऊन कायमचे आंधळेपण येऊ शकते. डॉक्सिसायक्लिनची कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होऊन नळी आकसते. म्हणून मागोमाग सिरिंजने थोडे पाणी किंवा चमचाभर ओले अन्न द्यावे. गोळी जमतच नसेल तर ते लपवू नये, सांगावे. पातळ औषध, लहान गोळी, दिवसातून एकदाच देता येणारा पर्याय, गोळी भरवण्याची प्लास्टिकची नळी, असे मार्ग असतात. डॉक्टरांना माहीत झाले तरच ते सुचवतील. दवाखान्यात पाच मिनिटे गोळी देण्याची रीत शिकून घेतली, तर एखादे जड इंजेक्शन वाचते.

या साऱ्याचा फायदा दूरच्या रुग्णालयातल्या अनोळखी माणसाला होतोच. त्याहून आधी तो आपल्या मांजराला होतो. आज जे मांजर ताणामुळे कुंथते आहे, तेच चौदाव्या वर्षी, थकलेल्या मूत्रपिंडांसह, खऱ्या संसर्गाने आजारी पडेल. त्या दिवशी साधे औषध लागू पडायला हवे.